कुठे सापडाल?

जर्मनीत नव्याने आलेल्या भारतीय माणसाला पहिल्या महिन्यात जो जो भारतीय भेटतो, तो आधी एकच विचारतो, "सिटी रजिस्ट्रेशन झालं का?" प्रवास कसा झाला, थंडी बाधतेय का, घर कसं आहे, हे सगळं मागाहून. जर्मन लोक राहत्या पत्त्याच्या या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात, पण आपल्या लोकांत 'सिटी रजिस्ट्रेशन'च रुळलंय. "नाही झालं अजून" असं उत्तर आलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते आणि सल्ले सुरू होतात. सकाळी लवकर उठून वेबसाइट बघ, कुणीतरी रद्द केलेली वेळ हाती लागते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ऑफिसात जा, तिथे गर्दी कमी. घरमालकाकडून तो कागद घेतलास ना? सही बघून घे.

व्हिसा आहे, नोकरीचं पत्र आहे, आरोग्यविमा आहे, भाडेकरारावर सह्या झाल्यात. एवढं सगळं हातात असताना आणखी एका नोंदणीची धास्ती कशाला, असं कुणालाही वाटेल. धास्ती पुढच्या पायऱ्यांची असते. नोंदणी झाली की त्या पत्त्यावर टपालाने अकरा आकडी करक्रमांक येतो. तो वेळेत दिला नाही तर कंपनीला तुमचा पगार सहाव्या करवर्गात धरावा लागतो, आणि सहावा वर्ग म्हणजे सवलती नाहीत, कपात सगळ्यात जास्त. बऱ्याच बँका खातं उघडताना नोंदणीचा दाखला मागतात. घर देणारे पगाराच्या पावत्या मागतात, पगार जमा व्हायला खातं लागतं. निवास परवाना कुठल्या कार्यालयाने द्यायचा, हेसुद्धा नोंदलेल्या पत्त्यावरूनच ठरतं. या चक्रात शिरायचं कुठून, ते शोधत नवखा माणूस फिरत राहतो. शिरायला फट एकच आहे, ती म्हणजे छप्पर. लहान असो, महाग असो, पण त्यावर नोंदणी करता आली पाहिजे.

नियम म्हणाल तर अगदी साधा. नव्या घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक-कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा. 1 नोव्हेंबर 2015 पासून देशभर यासाठी एकच कायदा आहे. आगाऊ नोंदणी होत नाही, आधी राहायला जा आणि मग या. उशिरासाठी हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांच्या आतली अपॉइंटमेंट मिळणंच मुश्कील असतं, त्यामुळे वेळ मागून ठेवली होती एवढं दाखवलं तरी सहसा भागतं. कायदा काटेकोर आणि खिडक्या कमी, अशी गाठ पडली की मधली वाट माणसंच काढतात.

मला या नियमातली एक गोष्ट मनापासून आवडते. हा नियम परदेशी माणसांसाठी केलेला नाही. त्याच शहरात जन्मलेल्या, तिथेच म्हाताऱ्या झालेल्या जर्मन आजीबाई रस्त्याच्या या बाजूच्या घरातून त्या बाजूच्या घरात राहायला गेल्या, तरी त्यांनाही दोन आठवड्यांत तोच अर्ज भरावा लागतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर, तसलाच टोकन क्रमांक हातात घेऊन बसावं लागतं. व्हिसाच्या रांगेत सगळे आपल्यासारखेच असतात, तिथे एक विचित्र बंधुभाव असतो. इथल्या प्रतीक्षागृहात मात्र कुणी बाळाचा पासपोर्ट काढायला आलेलं, कुणी लग्नानंतर नाव बदलायला, कुणी घर बदललं म्हणून. परदेशात मी पहिल्यांदा 'परदेशी' नसलेल्या रांगेत बसले ती इथे.

व्हिसाची खिडकी 'तुम्ही कोण' एवढंच विचारत असते. शिक्षण, उत्पन्न, हेतू, परत जाणार की नाही. नोंदणीच्या खिडकीला या कशातच रस नाही. तिला एकच हवं असतं, की उद्या तुम्हाला एखादं पत्र पाठवायचं झालं, तर तुम्ही कुठे सापडाल? आणि या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतः दिलेलं तिला पुरत नाही.

तिथे तो घरमालकाचा कागद येतो. घर देणाऱ्याने लिहून द्यायचं, की अमुक व्यक्ती अमुक तारखेला माझ्या घरात राहायला आली. भाडेकरार पुढे केला तर खिडकीपलीकडून नकार येतो. मला आधी हा हट्ट कळेना. करारावर त्याच घरमालकाची सही, तोच पत्ता, तीच तारीख. मग लक्षात आलं, की करार सांगतो तुम्हाला तिथे राहायचा हक्क आहे, आणि कार्यालयाला हवं असतं ते तुम्ही तिथे खरोखर राहायला आलात याचं कुणीतरी दिलेलं प्रमाण. 2002 मध्ये हा कागद अनावश्यक ठरवून काढून टाकला होता. लोक कुठलाही पत्ता देऊन मोकळे व्हायला लागले, खोट्या पत्त्यांवर माणसंच माणसं दिसायला लागली, म्हणून 2015 च्या कायद्याने तो परत आणला. कुणी राहायला येणार नसताना नुसता आपला पत्ता वापरायला दिला, तर त्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीला उशीर करणाऱ्याच्या पन्नास पट. राज्याला उशिरापेक्षा खोट्या पत्त्याचा राग जास्त, हे त्या दोन आकड्यांवरूनच समजावं.

पण कागदाला अशी किंमत आली की त्याचा बाजारही भरतो. खोल्यांच्या जाहिरातींत भाडं, क्षेत्रफळ, स्टेशनपासूनचं अंतर यांच्या खाली एक ओळ असते, नोंदणी शक्य नाही. ती ओळ असली की खोली जरा स्वस्त असते किंवा निदान लवकर मिळते. कारणं तऱ्हेतऱ्हेची. मूळ भाडेकरूने मालकाला न विचारताच पोटभाडेकरू ठेवलेला असतो. कुणी एकट्याचं घर दाखवून कसली तरी सवलत घेत असतं आणि दुसरं नाव त्या पत्त्यावर आलं की ती जाते. माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी असाच एका खोलीत झोपायचा आणि कागदोपत्री राहायचा शहराच्या दुसऱ्या भागात, एका मित्राच्या घरी. आठवड्यातून एकदा ट्रामने जाऊन आपली पत्रं घेऊन यायचा. "मी आज माझ्या घरी चाललोय," असं तो हसत हसत म्हणायचा. त्या घरात त्याची उशीही नव्हती. त्याला बेकायदेशीर म्हणायला माझी जीभ वळत नाही. घरांची टंचाई असलेल्या शहराने नोंदणीची सक्ती करावी आणि नोंदणी होईल अशी जागा मात्र ज्याची त्याने शोधावी, यात मला सरळ अन्याय दिसतो.

प्रत्यक्ष नोंदणीला फार वेळ लागत नाही. नंबर लागतो, दार उघडतं, टेबलापलीकडे एक शांत बाई, टेबलावर कुंडी, आणि पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं. महिनाभर जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती गोष्ट इतक्या लवकर संपते की उठावं की बसून राहावं तेच कळत नाही. लांबलीच तर ती अर्जातल्या रकान्यांपाशी.

धर्माचा रकाना पहिला. तो दिसला की आपण सावरून बसतो. इथे तो रकाना कराचा असतो. नोंदलेले कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि आणखी काही मोजक्या धर्मसंस्थांचे सभासद यांच्या आयकरावर 8 किंवा 9 टक्के चर्चकर लागतो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत 8, बाकी सगळीकडे 9. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकाच्या 1919 च्या राज्यघटनेतली ही व्यवस्था आजच्या घटनेने तशीच उचलली आहे. हा कर सरकार गोळा करून धर्मसंस्थेला देतं. त्यामुळे नवखा ख्रिस्ती माणूस या रकान्यात सहज 'कॅथलिक' लिहितो आणि महिन्याच्या शेवटी पगारपत्रकात त्याचा अर्थ वाचतो. चर्च सोडायचं तर मग न्यायालयात किंवा जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन तसं रीतसर सांगावं लागतं. माझं उत्तर ऐकून बाईंनी मान हलवली, एक कळ दाबली आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या. धर्म विचारून, उत्तर ऐकून, क्षणात त्यातला रस संपलेलं माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फार बरं वाटलं.

नावाचं प्रकरण जास्त गमतीचं. आपल्याकडे नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टावर पहिली दोन 'दिलेली नावं' या एकाच ओळीत बसतात. जर्मन नोंदवहीत त्यामुळे ती दोन्ही माझीच नावं झाली. तेव्हापासून दवाखान्यातून, विमा कंपनीकडून, वाचनालयातून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर माझ्या नावाला नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं. एका दवाखान्यात तर फक्त त्याच्याच नावाने माझा पुकारा झाला. बदलता येईल का, असं मी खिडकीत विचारलं. बाई म्हणाल्या, "पासपोर्टात जे आहे ते आम्ही लिहितो. आमच्या मताचा इथे प्रश्नच येत नाही." या उत्तराला खरं तर काही उत्तर नाही.

नवरा मागाहून आला. माझ्या वेळी 'विवाहित' हे तोंडी सांगितलेलं चाललं होतं. त्याच्या वेळी दुसरी खिडकी होती, तिथे लग्नाचा दाखला मागितला. दाखला होता, भाषांतर होतं, वर ऍपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारतात तो छापही होता. पण भारत ऍपोस्टिलच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे या दोन देशांमध्ये ऍपोस्टिल चालत नाही. म्हणजे आम्ही पैसे देऊन घेतलेला तो देखणा छाप इथे निव्वळ शोभेचा. मग त्याच्या रकान्यात आलं, वैवाहिक स्थिती 'माहीत नाही'. काही महिने एकाच घरात, एकाच दारावरच्या पाटीखाली, एक विवाहित बाई आणि जिची वैवाहिक स्थिती अज्ञात आहे अशी एक व्यक्ती राहत होती. आम्ही त्यावर पुष्कळ हसलो. करवर्ग ठरायची वेळ आली तेव्हा हसू जरा आवरलं.

दारावरची पाटी हा तर वेगळाच अध्याय आहे. जर्मन इमारतींत बहुधा फ्लॅटला क्रमांक नसतो, असला तरी पत्त्यात लिहीत नाहीत. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत पोस्टमन पत्र कुठे टाकणार? पेटीवर नाव असेल तिथे. तुमचं आडनाव हाच तुमचा फ्लॅट नंबर. पेटीवर नाव नसेल तर तो करक्रमांक, ते बँकेचं कार्ड, सगळं आल्या पावली परत जातं आणि पाठवणाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही त्या पत्त्यावर नसता. म्हणून नव्या भाडेकरूला मी आता सांगते, की सामान नंतर लावा, आधी कागदाची पट्टी आणि सेलोटेप घ्या. घंटेवर नाव, पेटीवर नाव. आडनाव दोन असतील तर दोन्ही. पोटभाडेकरू असाल तर मुख्य भाडेकरूच्या नावाखाली.

पाटी लागली की शहर बोलायला लागतं. पहिलं पत्र करक्रमांकाचं, तो आकडा जन्मभर तोच राहतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. तुमच्याकडे टीव्ही आहे का, हे कुणी विचारत नाही. 2013 पासून ही वर्गणी घरटी आहे, मी आले तेव्हा महिन्याला 18.36 युरो. नोंदणी कार्यालय नवे पत्ते त्यांना कळवतं, म्हणून ते पत्र चुकत नाही. ओळखीपाळखीत त्याच्याबद्दल कुरकुर खूप. मला मात्र ते पत्र हातात घेऊन एक बारीकसा आनंद झाला होता हे खरं. अनोळखी शहरात आपल्या नावाने आलेलं बिल म्हणजे आपण तिथे आहोत, याची कुणीतरी घेतलेली दखल.

ही दखल किती जणांना घेता येते, ते मी पुढे वाचलं तेव्हा आनंद थोडा उतरला. जर्मनीत कुणीही ठरावीक शुल्क भरून, माणसाचं नाव आणि ओळख पटेल एवढा तपशील देऊन, त्याचा सध्याचा पत्ता या नोंदवहीतून मागू शकतो. जुना मित्र मागू शकतो, पैसे थकवलेल्याला शोधणारा सावकारही. जिवाला धोका असेल तर माहितीवर टाळं लावून मिळतं, पण तो धोका पटवून द्यावा लागतो. निवडणुकीआधी पक्षांना मतदारांचे पत्ते मिळू शकतात. सत्तराव्या वाढदिवसाला महापौरांचं शुभेच्छापत्र येतं, तेही याच वहीतून. नको असेल तर तशी हरकत नोंदवता येते. त्याचा अर्ज टेबलावरच असतो, पण 'हवाय का' असं सहसा कुणी आपणहून विचारत नाही.

माणूस सापडणं चांगलं की वाईट, हे शोधणारा कोण आहे त्यावर ठरतं. आणि याबद्दल या देशाइतका भयंकर अनुभव फार थोड्यांच्या गाठीशी आहे. जर्मन राज्यांत निरनिराळ्या असलेल्या नोंदणीच्या पद्धती जानेवारी 1938 मध्ये एका हुकुमाने सबंध देशासाठी एकसारख्या केल्या गेल्या, त्या नाझी राजवटीत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फर्मान निघालं, की ज्यांची नावं ओळखू येण्याइतकी 'ज्यू' नाहीत, अशा ज्यू पुरुषांनी आपल्या नावापुढे 'इस्राएल' आणि बायकांनी 'सारा' हे नाव लावायचं आणि ते नोंदवायचं. मे 1939 च्या जनगणनेत आजी-आजोबांचा वंश विचारणारं वेगळं कार्ड भरून घेतलं. माझ्या नावात एक जादा नाव आलं, त्यावर मी विनोद करते. विनोद करता येतो, कारण इथे बाई पुढच्या रकान्याकडे वळतात.

हॉलंडची गोष्ट तर नोंदवह्या चांगल्या ठेवणाऱ्या सगळ्यांनी वाचावी अशी. डच लोकसंख्या-नोंदवह्या युरोपात अत्यंत व्यवस्थित होत्या, त्यांत धर्माचाही रकाना होता. कुणाच्या वाईटासाठी तो ठेवलेला नव्हता. 1940 मध्ये जर्मन फौजा आल्या आणि त्यांना सगळं तयार मिळालं. 1941 मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने शहराचा एक नकाशा करून दिला. त्यावर ठिपके होते, एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. 27 मार्च 1943 च्या रात्री चित्रकार-लेखक विलेम आरोन्डेयस, शिल्पकार खेरिट फान डर फेन आणि त्यांचे सोबती पोलिसांच्या वेषात प्राणिसंग्रहालयाशेजारच्या नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन बाहेर ठेवलं, कार्डांचे कप्पे उपसले आणि इमारतीला सुरुंग लावला. आगीचे बंब आले, पण सावकाश, आणि आग विझल्यावरही त्यांनी कार्डांवर पाण्याचा मारा चालू ठेवला. एवढं करून कार्डांचा थोडाच भाग नष्ट झाला. दाबून रचलेला कागद सहजी जळत नाही. गटातले बहुतेक जण पकडले गेले आणि 1 जुलै 1943 रोजी आरोन्डेयससह बारा जणांना गोळ्या घातल्या. हॉलंडमधल्या साधारण 1,40,000 ज्यूंपैकी 1,00,000 हून जास्त मारले गेले.

हे वाचल्यानंतर काही देश असली नोंदवही ठेवायलाच का बिचकतात, ते समजतं. ब्रिटनने 1939 मध्ये युद्धासाठी म्हणून राष्ट्रीय नोंदणी आणि ओळखपत्रं आणली. युद्ध संपलं तरी ती चालूच राहिली. डिसेंबर 1950 मध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या मोटारचालकाला पोलिसाने अडवून ओळखपत्र मागितलं, तर त्याने साफ नकार दिला. खटला तो हरला, पण अपिलात न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी ऊठसूट ओळखपत्र मागण्याच्या सवयीवर ताशेरे ओढले आणि फेब्रुवारी 1952 मध्ये ती पद्धतच मोडीत निघाली. आज लंडनला राहायला गेलात तर पत्ता नोंदवायला कुठे जावं लागत नाही. पत्ता सिद्ध करायचा झाला की वीजबिल दाखवायचं. तिथे राहणारी माझी मैत्रीण म्हणते, "इथे माझ्या अस्तित्वाची जामीन वीज कंपनी." तिला ते मोकळं वाटतं. मला, इतक्या वर्षांच्या जर्मन सवयीनंतर, जरा उघड्यावर पडल्यासारखं वाटेल.

बेल्जियममध्ये तुम्ही सांगितलेला पत्ता खरा का, ते बघायला मोहल्ल्यातला पोलीस येऊन घंटा वाजवतो. इटलीतही नगरपालिकेचा माणूस येऊन बघून जातो. स्पेनची तऱ्हा मला सगळ्यात माणुसकीची वाटते. तिथल्या नगरपालिकेच्या पाद्रोन या यादीत परवाना नसलेल्या परदेशी माणसालाही नाव घालता येतं. देशात राहायची परवानगी ही वेगळी गोष्ट आणि या गावात तो राहतो ही वस्तुस्थिती वेगळी, असं ते मानतात. मुलाला शाळेत घालायला ती नोंद उपयोगी पडते.

आणि जपान. तिथल्या रहिवासी-वहीत 2012 पर्यंत परदेशी माणसांना जागाच नव्हती, त्यांची नोंद वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या कागदांत. जपानी बाईचा परदेशी नवरा घरात राहत असूनही तिच्या कुटुंबाच्या दाखल्यावर दिसायचा नाही. 2002 च्या उन्हाळ्यात तोक्योच्या तामा नदीत सील हा समुद्रातला प्राणी दिसला आणि सगळ्या देशाचा लाडका झाला. 'तामा-चान' असं त्याचं नाव पडलं. पुढे तो योकोहामाच्या नदीत आला आणि फेब्रुवारी 2003 मध्ये तिथल्या निशी प्रभागाने कौतुकाने त्याला मानद रहिवासी-दाखला दिला. त्यावर काही परदेशी रहिवासी तोंडावर सीलच्या मिशा रंगवून नदीकाठी जमले. वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या माणसांना जे मिळत नव्हतं, ते सीलला मिळालं होतं. 9 जुलै 2012 पासून परदेशी रहिवासी त्या वहीत आले. सीलमुळे आले असं कुणी म्हणणार नाही, पण सरकारी धोरणावर याहून नेमकं बोट मी तरी कुठे ठेवलेलं पाहिलं नाही.

इतकी काळजी घेतलेली जर्मन वही तरी बरोबर असावी? 2022 ची जनगणना झाली, तिचे आकडे 2024 च्या जूनमध्ये आले, आणि देशात आजवर धरली होती त्यापेक्षा साधारण 14 लाख माणसं कमी निघाली. 8 कोटी 27 लाख. त्या तफावतीत जवळजवळ 10 लाख परदेशी नागरिक होते. माणसं येतात तेव्हा नोंदवतात, कारण त्याशिवाय पान हलत नाही. जाताना सांगायला मात्र कुणी थांबत नाही. खोकी बांधलेली असतात, विमान पकडायचं असतं. मग ती माणसं कागदावर तिथेच राहतात, आणि गावाला मिळणारा पैसा डोक्यांवर ठरत असल्यामुळे, मोजणीत माणसं घटलेल्या बऱ्याच नगरपालिका या आकड्यांवर चिडल्या.

आमच्या पेटीतही असा एक मागचा रहिवासी राहतो. त्याच्या नावाची पत्रं अजून येतात, पेटीवर त्याचं नाव नसतानाही. पोस्टमन बदलीचा असला की फसतो. मी पाकिटावर 'येथून गेले, नवा पत्ता माहीत नाही' असं लिहून ते टपालखात्याच्या पिवळ्या पेटीत टाकून येते. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. कुठल्या विमा कंपनीचा ग्राहक आहे आणि कुठल्या दातांच्या डॉक्टरकडे जायचा, एवढं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी आमचा एक मित्र कॅनडाला निघाला. नोंद रद्द करायचं त्याच्या मनातही नव्हतं. "मी गेल्यावर कोण शोधणार आहे मला?" मी त्याला 14 लाखांचा हिशेब ऐकवला, शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी चढत राहील हेही सांगितलं. हिशेबापेक्षा वर्गणीने काम केलं. देश सोडताना नोंद काढायची तर घर सोडण्याच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी काढता येते, त्यामुळे खोक्यांच्या गडबडीत आम्ही दोघं गेलो. अर्जात पुढच्या पत्त्याचा रकाना होता. त्याला तिकडे घर मिळालेलं नव्हतं, पहिले काही दिवस कुणाच्या तरी सोफ्यावर काढणार होता. कोणता पत्ता लिहू, म्हणून त्याने विचारलं. मजला, घरमालक, सही, तारीख यांशिवाय ज्या टेबलावर आमची नोंद कुणी घेतली नव्हती, त्याच टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, "देशाचं नाव पुरे."

त्याने लिहिलं, कॅनडा. शिक्का बसला आणि आम्ही उरलेली खोकी बांधायला परत गेलो.